उरलेले पंधरा टक्के: हवेतला कार्बन काढायचा तर कॅलिफोर्निया की न्यूयॉर्क?

भाचीचा फोन रविवारी सकाळी आला. मुंबईला केमिकल इंजिनिअरिंग करून ती इकडे अमेरिकेत एम.एस.ला आली, आता हातात दोन ऑफर आहेत. एक कॅलिफोर्नियात बे एरियातली, एक न्यूयॉर्क राज्यातली. दोन्ही कंपन्या हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून तो कायमचा कुठेतरी कोंडायचा उद्योग करतात. पगारात फारसा फरक नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. "आत्या, तू दिवसभर परवान्यांचे कागद वाचतेस. कुठल्या राज्याच्या कायद्यावर माझी नोकरी पाच वर्षं टिकेल ते सांग."

प्रश्न अगदी बरोबर होता. हवेतून काढलेला टनभर वायू कोणाला हवा असतो? घंटागाडी गल्लीत येते ती कचऱ्याला भाव आहे म्हणून येत नाही. नगरपालिकेवर ते काम टाकलेलं आहे आणि आपल्या घरपट्टीतून त्याचे पैसे जातात म्हणून येते. कार्बन काढण्याचंही तेच आहे. कायद्याने काम कोणावर टाकलं आणि पैसे कोणाच्या खिशातून काढले, यावर सगळा धंदा उभा आहे. वॉशिंग्टनमधलं वारं दर चार वर्षांनी फिरतं, म्हणून लोक राज्यांच्या कायद्यांकडे बघतात.

वर्षभरात हा प्रश्न मला तिसऱ्यांदा विचारला गेला, म्हणून तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. मी पर्यावरण परवान्यांच्या कामात आहे, या दोन्ही कंपन्यांशी माझा संबंध नाही. आणि मी पूर्व किनाऱ्यावर राहते, त्यामुळे न्यूयॉर्कबद्दल थोडी माया असेल तर तेवढी वजा करून वाचा.

आधी चुना

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग केलेला आहे: चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायची, निवळी दुधाळ होते. उत्तरपत्रिकेत हे वाक्य आपण डोळे मिटून लिहायचो. फुंकरीतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटतो आणि चुनखडीचे बारीक कण तयार होतात, एवढंच ते. आमच्या वाईच्या घराला दिवाळीआधी चुना लावायचे, तेव्हा पहिल्या दिवशी भिंतीला हात लागला की पांढरा व्हायचा आणि आठवड्याने तीच भिंत खरखरीत, टणक लागायची. भिंत तेवढे दिवस हवा पीत बसलेली असायची.

कॅलिफोर्नियात ट्रेसी गावात एअरलूम नावाच्या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जे सुरू केलं ते या भिंतीचंच शिस्तशीर रूप. चुनखडी विजेच्या भट्टीत सुमारे ९०० अंशांना भाजायची. वायू निघतो तो पकडायचा, मागे राहते चुनकळी. तिच्यावर पाणी घालून चुना विरवायचा, तो ताटांत पातळ पसरायचा आणि ताटं एकावर एक उंच रचून ठेवायची. एरवी महिनोन्‌महिने चालणारं काम तीन दिवसांत होतं, चुन्याची पुन्हा चुनखडी होते, आणि ताटं परत भट्टीकडे. हवेतून थेट कार्बन काढणारा अमेरिकेतला हा पहिला व्यावसायिक कारखाना. क्षमता वर्षाला १,००० टन. पकडलेला वायू काँक्रीटमध्ये मिसळला जातो, तिथे तो पुन्हा दगड होऊन बसतो.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं की कायदे वाचताना एक गफलत कायम होते. सिमेंट कारखान्याच्या किंवा रिफायनरीच्या चिमणीवर यंत्र बसवून वायू पकडणं वेगळं, आणि मोकळ्या हवेतून काढणं वेगळं. चिमणीतला वायू दाट असतो. मोकळ्या हवेत दहा हजार रेणूंमागे जेमतेम चार रेणू कार्बन डायऑक्साइडचे, म्हणून तो वेचून काढायला ऊर्जा आणि पैसा कितीतरी जास्त लागतो. पहिल्याने आजची घाण कमी होते, दुसऱ्याने कालची घाण निघते. विधेयकांमध्ये मात्र दोन्ही एकाच पोत्यात भरलेली सापडतात, आणि तुमची नोकरी पोत्यातल्या कुठल्या धान्यावर आहे हे तुम्हालाच निवडून बघावं लागतं.

दोन्हीकडे पंधराच टक्के

न्यूयॉर्कचा हवामान कायदा आधीचा. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी १८ जुलै २०१९ ला त्यावर सही केली. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनात ४० टक्के आणि २०५० पर्यंत ८५ टक्के कपात करायची, आणि २०५० ला उरलेले १५ टक्के दुसरीकडे भरून काढून नेट झीरो गाठायचं, म्हणजे जेवढं सोडलं तेवढं काढून हिशोब शून्यावर आणायचा.

कॅलिफोर्नियाची परंपरा आणखी जुनी, २००६ च्या एबी ३२ पासूनची (एबी म्हणजे तिथल्या असेंब्लीतून आलेलं विधेयक, एसबी म्हणजे सिनेटमधून आलेलं). पण नेट झीरो कायद्यात आलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये, एबी १२७९ ने. त्यात साल २०४५, आणि आकडा पुन्हा तोच: १९९० पेक्षा निदान ८५ टक्के कपात, बाकीचं काढून टाकायचं. त्यानंतर राज्याने जेवढं सोडलं त्याहून जास्त काढत राहायचं, असंही त्यात आहे.

आता गंमत बघा. कॅलिफोर्नियाचं १९९० चं उत्सर्जन ४३.१ कोटी टन. त्याचे पंधरा टक्के म्हणजे साधारण साडेसहा कोटी. न्यूयॉर्कचा १९९० चा आकडा ४१ कोटींच्या जवळ, आणि २०५० ची मर्यादा ६.१५ कोटी टन. राज्यं एवढी वेगळी, लोकसंख्येत एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट, तरी दोघांच्या वहीत शिल्लक जवळजवळ सारखीच दिसते.

दिसते म्हणाले, कारण वह्या एका पद्धतीने लिहिलेल्या नाहीत. न्यूयॉर्क मिथेन वायूचा हिशोब वीस वर्षांच्या मापाने करतं, बाकीचं जग सहसा शंभर वर्षांच्या. वीस वर्षांच्या मापात मिथेनचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ८४ टनांच्या तोलाचा धरतात, शंभरच्या मापात पंचवीस-अठ्ठावीसच्या आसपास. शिवाय राज्यात जाळलं जाणारं इंधन बाहेर कुठे काढताना आणि आणताना जे उत्सर्जन झालं, तेही न्यूयॉर्क आपल्याच खात्यात लिहितं. हिशोब कडक आहे, मला तो आवडतो. पण त्याचा परिणाम असा की तिथल्या वहीत कचऱ्याचे डेपो, गोठे आणि गॅसच्या गळक्या नळ्या फार मोठ्या दिसतात, आणि पहिला पैसा त्यांच्याकडे वळतो. भाचीच्या ताटातल्या चुन्याचा नंबर त्यानंतर.

साडेसहा कोटी टन म्हणजे ट्रेसीसारखे ६५,००० कारखाने. टनाला ५०० डॉलर धरले (आज बऱ्याच ठिकाणी याहून जास्त पडतात) तरी वर्षाला ३,२५० कोटी डॉलर. हे बिल कोणाच्या नावे फाडायचं? दोन्ही कायदे पूर्ण वाचून काढा, उत्तर मिळणार नाही. मी सगळं तोलते ते या एका प्रश्नावर.

कॅलिफोर्निया: गरज आहे, घाईही आहे

कॅलिफोर्नियाने यंत्रांवर भिस्त ठेवली त्यामागे मोठा वाटा आगींचा आहे. २०२० या एका वर्षात राज्यात चाळीस लाख एकरांहून जास्त जंगल आणि रान जळलं. झाडांनी कार्बन धरून ठेवावा अशी अपेक्षा करायची आणि दोन-चार वर्षांनी तोच धूर होऊन वर गेलेला बघायचा, असं तिथे चाललं आहे. राज्याच्या हवा मंडळाने, ज्याला सगळे 'कार्ब' म्हणतात, २०२२ च्या आराखड्यात मांडलं की २०४५ पर्यंत राज्याच्या जमिनी कार्बन शोषण्याऐवजी सोडतच राहतील. मग यंत्रांशिवाय उरतं काय? पकडणं आणि काढणं मिळून २०३० पर्यंत वर्षाला २ कोटी टन आणि २०४५ पर्यंत १० कोटी टन, असं लक्ष्य गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी घालून दिलं. पोतं एकच आहे हे विसरू नका. यात चिमण्याही आल्या.

त्याच वर्षी एसबी ९०५ आलं. भाचीला मी म्हटलं, आख्खा एबी १२७९ वाचला नाहीस तरी चालेल, तो छोटाच आहे, पण हा वाच. कार्बन पकडणं, काढणं, वापरणं आणि साठवणं यासाठी हवा मंडळाने एक कार्यक्रम उभा करावा, सगळ्या परवान्यांसाठी एकच अर्ज असावा, आसपासच्या वस्तीची हवा त्यामुळे बिघडू नये, अशी त्याची रचना. जोडीला एसबी १३१४ आलं: पकडलेला वायू तेलविहिरीत दाबून आणखी तेल काढायला बंदी. टेक्सासात हा वापर वर्षानुवर्षं चालू आहे. कॅलिफोर्नियाने दारच लावून घेतलं. माझ्या मते हा त्या कायद्यांतला सगळ्यात प्रामाणिक भाग. तेल काढायला वायू पुरायचा आणि त्याला हवामानाचं काम म्हणायचं, हे मला कधी पटलं नाही.

कागदावर हे झालं. प्रत्यक्षात एक जानेवारी २०२५ ही एकत्रित अर्जाची तारीख कायद्यात लिहिलेली होती, ती आली आणि उलटून गेली. पाइपलाइनचं तर आणखी रखडलं. त्यामागची गोष्ट सांगायला हवी.

फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ मुसळधार पावसानंतर जमीन खचली आणि कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. हा वायू हवेपेक्षा जड. तो वर निघून गेला नाही, खोलगट भागात पाण्यासारखा साचला. लोक गाडीत बसून पळायला निघाले तर गाड्या बंद पडू लागल्या, कारण इंजिनलाही ऑक्सिजन लागतो. सुमारे दोनशे लोकांना हलवावं लागलं, पंचेचाळीस जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. सुदैवाने मृत्यू झाला नाही.

हे डोळ्यांसमोर असल्यामुळे एसबी ९०५ ने म्हटलं: केंद्र सरकारचे नवे सुरक्षा नियम येईपर्यंत राज्यात अशी पाइपलाइन नको. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये मसुदा आणला आणि सरकार बदलताच तो मागे घेतला. म्हणजे कॅलिफोर्नियाने स्वतःला लावलेल्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, आणि तो दुसरा ती द्यायला तयार नाही. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एसबी ६१४ ने राज्याने स्वतःचे नियम करायचं ठरवलं आणि कुलूप निघायची वाट झाली. तीन वर्षं गेली.

वायू गाडायची जागा मात्र तिथे आहे. सेंट्रल व्हॅलीखाली गाळाच्या खडकांचे जाड थर आहेत, जुनी तेलक्षेत्रं आहेत. कर्न काउंटीतल्या एल्क हिल्स तेलक्षेत्रात एकूण ३.८ कोटी टनांपर्यंत वायू जिरवायचा केंद्रीय परवाना डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मिळाला, राज्यातला पहिलाच. पण त्या भागातली हवा देशात सर्वांत वाईट हवेपैकी आहे आणि दमेकरी मुलांच्या आया सुनावणीला येऊन बसतात. 'हे यंत्र म्हणजे रिफायनरीला जगवायची सबब आहे' हे वाक्य तिथे नोकरी करणाऱ्याला ऐकावंच लागेल, आणि चिमण्यांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरंही असतं.

पैसा? इंधनातला कार्बन कमी करायचा कॅलिफोर्नियाचा एक जुना नियम आहे. २०१९ पासून त्यात हवेतून थेट कार्बन काढणाऱ्यांनाही क्रेडिट, म्हणजे बाजारात विकता येणारं प्रमाणपत्र, मिळण्याची सोय झाली, आणि सुरुवातीला तर कारखाना जगात कुठेही असला तरी. ऐकायला लॉटरीच. पण क्रेडिटचा भाव २०२० च्या सुरुवातीला टनाला २०० डॉलरच्या आसपास होता, तो २०२४ मध्ये ७५ च्याही खाली गेला. या भावावर बँक कर्ज देत नाही.

माझ्या दृष्टीने खरा मोहरा होता एसबी ३०८. मोठ्या प्रदूषकांनी आपल्या उत्सर्जनाच्या थोड्या टक्क्यांएवढं कार्बन-काढणं विकत घ्यायचं, टक्केवारी वाढवत न्यायची आणि २०४५ ला शंभरावर आणायची, असा त्याचा गाभा. बिल कोणाच्या नावे फाडायचं याचं इतकं सरळ उत्तर मी दुसऱ्या कुठल्या विधेयकात पाहिलेलं नाही. २०२३ मध्ये सिनेटने ते मंजूर केलं, असेंब्लीत ते अडकलं ते अडकलंच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याने प्रदूषण-परवान्यांचा लिलाव २०४५ पर्यंत वाढवला, म्हणजे प्रदूषणाला किंमत राहणार हे नक्की झालं. काढण्याला गिऱ्हाईक मिळेल का, ते नक्की झालं नाही.

न्यूयॉर्क: दार लावलेलं नाही, उघडलेलंही नाही

न्यूयॉर्कच्या कायद्याची भाषा मला वकिलाने रात्र रात्र जागून घासल्यासारखी वाटते. उरलेल्या पंधरा टक्क्यांसाठी राज्याचं पर्यावरण खातं एक पर्यायी यंत्रणा उभारू 'शकेल'. 'उभारील' म्हटलेलं नाही. इंग्रजीतल्या त्या एका तीन अक्षरी क्रियापदावर भाचीच्या नोकरीचं भवितव्य लटकलं आहे असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

त्या यंत्रणेला अटी बघा. वीजनिर्मिती करणाऱ्यांना ती वापरताच येणार नाही. त्यांनी २०४० पर्यंत शून्यावर यायचं म्हणजे यायचं. सगळ्यांनी मिळून भरून काढायचं ते १९९० च्या पंधरा टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. आणि भरपाईचं काम शक्य तिथवर धूर सोडणाऱ्याच्याच काउंटीत, सरळ रेषेत पंचवीस मैलांच्या आत व्हावं. ब्रॉन्क्समध्ये धूर सोडायचा आणि ब्राझीलमध्ये झाडं लावल्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लटकवायचं, हा प्रकार तिथे चालू नये यासाठी हे आहे. हवामान खर्चाच्या फायद्यातला किमान ३५ टक्के वाटा उपेक्षित वस्त्यांना मिळावा, हेही याच कायद्यात. न्यायाच्या बाजूने बघितलं तर मला न्यूयॉर्कचा कायदा कॅलिफोर्नियापेक्षा उजवा वाटतो, यात शंका नाही.

पण पंचवीस मैल आणि कार्बन गाडायचा खडक यांचं जमत नाही. वायू शहराजवळ काढता येईल. त्याला कायमचं ठेवायला योग्य भूस्तर शहराजवळ असेलच असं नाही. आणि वायू जमिनीत दाबण्याबद्दल राज्यातल्या लोकांचा संशय खोल आहे. फ्रॅकिंगला, म्हणजे जमिनीत दाबाने पाणी सोडून खडक फोडून गॅस काढायला, तिथे आधीच बंदी होती. मग एक कंपनी पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून फ्रॅकिंग करायचा बेत घेऊन आली, तर विधिमंडळाने त्यालाही बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये गव्हर्नरच्या सहीने त्याचा कायदा झाला. ही बंदी कार्बन साठवण्याला नाही, पण जमिनीखाली काही दाबायचं म्हटल्यावर राज्याच्या दक्षिणेकडच्या काउंट्यांत सभागृहाचं वातावरण कसं असेल याचा अंदाज बांधता येतो.

न्यूयॉर्कची भिस्त झाडांवर आहे आणि ते साहजिक आहे. राज्याचा साठ टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली, ॲडिरॉन्डॅक पार्क एकटंच साठ लाख एकरांचं, आणि पश्चिमेसारख्या आगी तिथे लागत नाहीत. २०२२ च्या आराखड्यात जंगलं आणि जमिनी पुढे, यंत्रं उरलेल्या फटीपुरती.

सरकारनेच गिऱ्हाईक व्हावं, अशी कल्पना तिथेही येऊन गेली. कार्बन रिमूव्हल लीडरशिप ॲक्ट नावाचं विधेयक होतं: राज्याने टेंडर काढायचं, जो स्वस्तात आणि खात्रीशीर काढून देईल त्याच्याकडून टन विकत घ्यायचे. घंटागाडीचंच टेंडर म्हणा. त्याचा कायदा झाला नाही.

आणि मोठी अडचण वेगळीच. पंधरा टक्के दूरच, आधीच्या पंच्याऐंशीचेच नियम आलेले नाहीत. २०१९ च्या कायद्याप्रमाणे या कपातीचे नियम २०२४ पर्यंत यायला हवे होते, आणि राज्याने त्यासाठी प्रदूषणाला किंमत लावायचं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये गव्हर्नर कॅथी होकल यांनी ते लांबणीवर टाकले, संस्था कोर्टात गेल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०२६ पर्यंत नियम काढा असा आदेश दिला. त्यावर राज्य अपिलात गेलं. कायदा इतका कडक लिहिला की सरकारलाच त्याची धास्ती वाटू लागली, असं मला इथून दिसतं.

एक उजळ बाजू आहे, आणि ती मी भाचीला आवर्जून सांगितली: काँक्रीट. २०२१ च्या एका कायद्याने न्यूयॉर्क राज्य सरकारी बांधकामात कमी कार्बनचं काँक्रीट वापरण्याच्या वाटेला लागलं. पकडलेला वायू काँक्रीटमध्ये दगड करून कोंडायचा तर ना विहीर लागते, ना सटार्शियासारखी पाइपलाइन. गिऱ्हाईक सरकार, माल ओळखीचा, आणि कारखाना शहराच्या वेशीवरच असतो. पंचवीस मैलांच्या आत. टन कमी असतील, पण चेक वटेल.

बाकीची राज्यं, थोडक्यात

वॉशिंग्टन राज्याचा कायदा शांतपणे चालतो. २०५० पर्यंत ९५ टक्के कपात, म्हणजे काढायला पाचच टक्के शिल्लक. प्रदूषण-परवान्यांचा लिलाव २०२३ पासून सुरू, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो कायदा रद्द करायचा प्रस्ताव मतदारांनी जवळपास ६२ टक्क्यांनी फेटाळला. टिकाऊपणा हा एकच निकष असेल तर थेट जनतेचा कौल मिळालेला हा कायदा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. भाचीला तिथून ऑफर नाही, त्यामुळे पुढे.

टेक्सास आणि लुइझियाना यांच्याकडे नेट झीरोचा कायदा नाही, आणि कार्बन काढणारे मोठे प्रकल्प मात्र तिकडेच चालले आहेत. हे आधी मलाही विचित्र वाटलं होतं. खोल विहिरीत वायू दाबायचे परवाने स्वतः द्यायचा अधिकार लुइझियानाला २०२३ च्या अखेरीस मिळाला, टेक्सासला नोव्हेंबर २०२५ मध्ये. टेक्सासात ओडेसाजवळ स्ट्रेटोस नावाचा प्रकल्प वर्षाला ५ लाख टनांच्या क्षमतेचा आहे, म्हणजे पाचशे ट्रेसी. आणि ती ट्रेसीची एअरलूम कंपनी? जून २०२४ मध्ये तिने पुढचे दोन मोठे कारखाने लुइझियानात श्रीवपोर्टजवळ करायचं जाहीर केलं. माहेर कॅलिफोर्निया, संसार लुइझियानात.

या सगळ्यांना जोडणारा पैसा केंद्राचा आहे. आयकर कायद्यातलं ४५ क्यू कलम हवेतून काढून जमिनीत गाडलेल्या टनाला १८० डॉलर करसवलत देतं, वर्षाला निदान १,००० टन काढत असाल तर. ट्रेसीच्या क्षमतेचा आकडा नेमका हाच. बाकीची रक्कम आज स्वेच्छेने टन विकत घेणाऱ्या कंपन्यांकडून येते, त्यात मायक्रोसॉफ्ट आतापर्यंत सर्वांत मोठं गिऱ्हाईक. एका-दोन कंपन्यांच्या मर्जीवर आख्खा धंदा, हे मला रात्री झोप लागू देणारं चित्र वाटत नाही.

पुण्या-नागपुरातून विचारणाऱ्यांसाठी

दोघांनी मला विचारलं की तिकडे पराट्या किंवा पालापाचोळा कमी हवेत जाळून बायोचार, म्हणजे मातीत टाकायचा कोळसा, करतो, किंवा काळ्या दगडाची भुकटी शेतात टाकून कार्बन जिरवतो, तर ते टन या राज्यांना विकता येतील का. काळ्या दगडाची कल्पना हसण्यावारी नेऊ नका. हा दगड म्हणजे बेसाल्ट. पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड त्याला झिजवत जातो, त्यात कार्बन पाण्यात विरघळलेल्या क्षाराच्या रूपात बांधला जातो आणि शेवटी समुद्राला मिळतो. भारतात छोट्या शेतकऱ्यांच्या रानांत बेसाल्टची भुकटी टाकणाऱ्या माटी कार्बनने एप्रिल २०२५ मध्ये कार्बन काढण्याच्या एक्सप्राइझ स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस जिंकलं. आपला आख्खा दख्खन त्याच दगडाचा.

पण राज्यांचं म्हणाल तर, न्यूयॉर्कला पंचवीस मैल महत्त्वाचे, आणि कॅलिफोर्नियालाही आपलं २०४५ आपल्या वहीत मांडायचं आहे. विदर्भातला टन त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुमचं गिऱ्हाईक कंपन्या आहेत. त्यांच्याशी बोलताना या कायद्यांची नावं घ्यायची गरज नाही, मोजमाप कसं केलं ते दाखवायची आहे.

तर मग कुठे?

यंत्र बांधायचं असेल, विहिरीशी काम असेल, मोठ्या टनांचा हिशोब असेल तर कॅलिफोर्निया. तिथला कायदा फार भक्कम आहे म्हणून मी हे म्हणत नाही. त्या राज्याला दुसरा रस्ता उरलेला नाही, म्हणून म्हणते. जंगल जळतंय, साल २०४५ आहे, विधेयकं दरवर्षी पुन्हा येतात. एसबी ३०८ पडलं तरी त्याचा गाभा कधीतरी दुसऱ्या क्रमांकाने परत येईल असं माझं मत आहे. मी पैज लावणार नाही, पण मत आहे. फक्त कंपनीचा पुढचा कारखाना कॅलिफोर्नियातच होणार का, हे आधीच विचारून घ्यावं. नाहीतर दोन वर्षांनी सामान श्रीवपोर्टला हलवावं लागेल.

काँक्रीट, मिथेन, जंगलाचं मोजमाप किंवा वस्त्यांबरोबर बसून नियम घडवणं यात रस असेल तर न्यूयॉर्क. शुद्ध हवेतून कार्बन काढणाऱ्या कंपनीसाठी निव्वळ न्यूयॉर्कच्या कायद्याच्या भरवशावर मी आज घर भाड्याने घेणार नाही. तो 'शकेल'चा 'करील' झाला तर गोष्ट वेगळी.

भाचीला मी दोन्ही कंपन्यांना एकच ईमेल पाठवायला सांगितलं: पुढच्या तीन वर्षांचे टन कोणी विकत घेतले आहेत, लेखी करार आहे का, आणि पकडलेला वायू नक्की कुठे जाणार, कुठल्या परवान्यावर. तिला हे विचारणं उद्धटपणाचं वाटलं. "अगं, नोकरी मागायला गेलेली मी, आणि त्यांचंच गिऱ्हाईक विचारू?" मी म्हटलं, विचार. एका कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सोबत कराराचं पहिलं पान, नावं झाकून. दुसऱ्या कंपनीने कळवलं की हे आपण प्रत्यक्ष भेटीत बोलू. कुठली कोण ते तिने मला सांगितलेलं नाही, आणि शुक्रवारपर्यंत सांगणारही नाही म्हणते.